बळेगाराचा हात

आमचं मूळ अळणावरकडचं, धंदा कासाराचा. आजा गाठोडं खांद्यावर टाकून गावोगाव बांगड्या भरत फिरायचा, अप्पानं हुबळीला येऊन दुर्गदबैलच्या बोळात दुकान घातलं. दुकान म्हणजे काय, दोघं बसली की तिसऱ्यानं भाईर उभं राहावं येवढं. घरात मराठी, गिऱ्हाइकाशी कन्नड. बाया मला बळेगार मामा म्हणतात, बळे म्हणजे बांगडी. आन् बाई दुकानात आली की मी पयलं बोलणार ते येकच, कै कोडव्वा. हात दे बाई. देवाचं नाव येवढ्या वेळा घेतलं नसंल मी.

काय सांगू तुम्हाला अक्का, हात धरला की बाईचं समदं कळतं. पूर्वी पाटावरवंटा व्हता तवा हात घट्ट, हाडाचे, दोन-चारच्या लहान मापाची बांगडी सरकन जायची. मग घरोघरी मिक्सर आलं, हात मऊ झाले, फुगले, मी दोन-आठचा माल जास्ती आणाय लागलो. नव्वदच्या पुढंमागं येक मास्तरीणबाई दर नागपंचमीला यायच्या, येका वर्षी मापाची बांगडी घातली तर ती कोपरापतुर घरंगळली. मी म्हटलं अव्वा, बांगडी तीच हाय, हात कमी झालाय, डाक्टरला दावा. साखर निघाली त्यांना. पुढल्या पंचमीला उंड्या घिऊन आल्या, आमच्याकडं लाडवाला उंडी म्हणतात, म्हटल्या मामा, तुमच्यामुळं वेळेत कळलं. तर असा मी, दुसऱ्याच्या हाताचं सांगणारा.

आन् माझा स्वतःचा हात बघा. मांडीवर ठेवला की अंगठा आन् बोट आपोआप चाळवायला लागायची, तपकीर चोळल्यावानी. मी वर टावेल टाकून बसायचो. आमची मालन, म्हणजे आमची मंडळी, तिनं पयलं बघितलं. म्हटली डाक्टरकडं जाऊ. मी खेकसलो, वात हाय, जाईल. माझा सोभाव तिरसट, अजून हाय तसाच हाय.

मग विद्यानगरात लग्न निघालं, वीणाचं. त्या पोरीला पाच वर्षाची असल्यापासनं मी बांगड्या भरत आलेलो. हिरवा चुडा भरायला बसलो, हात गुडघ्यावर व्हता तो लागला थरथराय. पोरीची आत्या तोंडानं फटकळ, चार बायांत म्हटली, बळेगाराचा हात हलतोय, नवरीचा चुडा हाय, जपून. मला लाज वाटली हो. आन् लाजेनं मी घाई केली, पोरीचा हात सैल पडायच्या आधीच अंगठ्याखालचं हाड दाबलं आन् बांगडी तिच्या हातात वाढली. आमच्यात फुटली म्हणत न्हाईत, वाढली म्हणतात. हळदीच्या हातावर रक्ताचा ठिपका आला. वीणा म्हटली काय न्हाई मामा, भरा. पण आत्या म्हटली, दुसऱ्या कुणाला तरी बोलवा. मी पेटी उचलली आन् आलो.

त्यानंतर मी बांगडीला हात लावला न्हाई. मालन दुकान बघायची, मी घरात बसायचो. बसून पाय पण जड झाले, चालताना घासाय लागले. पण पायाचं न्हाई वाटायचं, मनात येकच, पोरीच्या संसाराला काय झालं तर ते माझ्या हातानं झालं.

वरीस झालं असंल, मालननं मला ओढूनच दवाखान्यात नेलं. तिथं नंबर येईपतुर ह्या बाईनं पिशवीतला डबा काढून दोन नर्सांना बांगड्या विकल्या. आत डाक्टरीणबाई, तरणी पोर, हातात घड्याळ सोडून काय न्हाई. मला चालवलं, हात बघितला, म्हटल्या पार्किन्सन हाय. मी म्हटलं हे तर गोऱ्या साहेबाचं नाव दिसतंय, आमच्याकडं कसा आला? हसल्या. धंदा काय? म्हटलं बांगड्या भरायचो, आता हात हलतो. त्यांनी मालनचा डबा बघितला आन् हात पुढं केला, भरा. न्हाई जमत म्हटलं. भरा तर खरं. माझ्या तोंडातनं आपोआप आलं, कै कोडव्वा. हात धरला आन् काय सांगू, माझा हात थांबला. समदी डझनभर गेली, येक पण वाढली न्हाई. वरची येक आशीर्वादाची घातली, कासाराची रीत हाय ती. मालन पदर डोळ्याला लावून बसलेली.

डाक्टरीणबाई म्हटल्या, ह्या रोगात काही जणांचा हात रिकामा असला की हलतो, कामाला लागला की थांबतो. बरा होणार न्हाई, गोळ्या चालू ठेवायच्या, काम सोडायचं न्हाई, घाई करायची न्हाई. तवा मला कळलं, चुडा वाढला तो रोगानं न्हाई, घाईनं.

परत दुकानात बसलो. येका दुपारी वीणा आली, सातवा लागलेला, आत्या बरोबर. आत्या म्हटली, ही ऐकत न्हाई, मामाच पायजेत म्हणती. माझा हात मांडीवर हलत व्हता, टावेल टाकला न्हाई. म्हटलं वेळ लागंल. वीणा म्हटली, मला कुठली बस गाठायचीय? येकेक करून भरल्या हिरव्या, दोन्ही हात भरून, आत्या बघत उभी. झाल्यावर आत्या खाली बसली आन् तिनं आपला हात पुढं केला. कै कोडव्वा म्हणायची गरजच पडली न्हाई.

वीणाची पोरगी आता शाळेला जाती. माझं चालणं बारीक झालंय, चहा बशीत सांडतो, गोळी चुकली तर दिवस वाया जातो. पोरींच्या हातात मोबाईल आला, बांगडी कमी झाली, ते पण चालायचंच. ज्या येतात त्यांचा हात धरतो तवर मी बरा असतो. तुमचा हात कोरा दिसतोय अक्का, माप दोन-सहा, मघाच बघितलं. लिहून झालं असंल तर पेन ठेवा. सावकाश भरतो. वरची येक माझ्याकडनं, सुखात राहा.