अर्ध्या तोंडाची पावडर

लढाईचे दिवस. आष्ट्यात रॉकेलच्या रांगेत माझ्यापुढं मनुबाई आणि तिची शेजारीण उभ्या होत्या.

"मनू, तुझ्या हौसाला बघून गेली न्हवं पाव्हनी?"

"गेली की. दादानं पलटनीतनं धाडल्याली विलायती पावडर लावली हुती तिला."

"पर डबा तर सपत आलाय न्हवं?"

"म्हनून अर्ध्याच तोंडाला लावली. हलकी पावडर आपन लावत न्हाई. पाव्हनी खिडकीकडं बसनार, म्हनून तिकडच्या गालाला दाबून लावली."

"आन दुसरा गाल?"

"त्यो भिंतीकडं. भिंतीची काय पसंती घ्यायचीया?"

"मग?"

"पोराचा बाप बसला खिडकीकडं. आई मागनं आली, ती बसली भिंतीला टेकून."

"अगं बया! मोडलं म्हन की."

"न्हाई गं. घरी जाऊन दोघं लय भांडली. त्यो म्हनतोय पोर गोरी, ती म्हनतीया सावळी. आज सांगावा आलाय, तुमच्या दोनी पोरी पसंत. गोरी थोरल्याला, सावळी धाकट्याला."

"तू काय कळवलंस?"

"एकाच मांडवात उरकू म्हटलं."

"अगं, पर पोर एकच हाय!"

"म्हनून तर दोघींचं एका शालूत भागतंय."