आता आईची फी

कामशेतच्या बँकेत शमीम रांगेत उभी होती. खिडकीवर वडिवळ्याच्या समीक्षानं आपल्या नर्सिंगच्या कर्जाचा शेवटचा हप्ता भरला. सोबत तिची आई होती, कस्तुराबाई.

“फिटलं एकदाचं. चल घरी.”

“थांब आये, परत रांगंत लागायचंय. तुज्या कॉलेजची फी भरायची हाय.”

“माज्या? लोक हसत्याल गं.”

“गेल्या साली बारावी झालीस, तवा कोन हसलं? पेढं खाल्लं सगळ्यांनी.”

“आन् भात कोन लावंल?”

“बाबा लावत्याल. मी इचारलंय.”

“ते व्हय म्हनले?”

“म्हनले, बीए झाल्याबिगर तिला खाचरात उतरू देनार न्हाई.”

कस्तुराबाई पदरात तोंड लपवून हसत राहिली.

शमीम एक पाऊल मागं सरली.

“मावशी, माझ्या पुढं उभ्या राहा. तुम्हाला कॉलेजला उशीर नको.”