चिकटवलेलं पान

...आणि वर मलाच म्हणते, ‘‘बाबा, तुम्ही पुस्तकाचं पान डिंकाने चिकटवलंतच कसं?’’ कसं म्हणजे? ब्रशने! घरात काहीही बिघडू द्या, चूक कुणाची? माझीच.

थांबा, मुळापासून सांगतो. लेक माझी दातांच्या दवाखान्यात कामाला, जावई फिरतीवर, आमची ही अजून नोकरीत, म्हणजे दिवसभर घरात मी आणि अडीच वर्षांची नात. भिंगरी म्हणतो तिला. का म्हणतो, ते घरी या, कळेल. मी जन्मभर लोकांना गाडी चालवायला शिकवलं. ब्रेक समजून भलतंच दाबणारी माणसं भर चौकातून नेली, घाम फुटला नाही. पण ही पोर सकाळी आईच्या पायांना मिठी मारून जो सूर लावते ना... वरच्या मजल्यावरचे खिडक्या लावून घेतात.

मग लेकीने युक्ती काढली. मी भिंगरीला गॅलरीत नेऊन कावळे दाखवायचे, तेवढ्यात लेकीने चपला हातात घेऊन मागच्या दाराने सटकायचं. स्वतःच्या घरातून, चोरासारखं! सुरुवातीला जमलं. मग पोर सावध झाली. आई नजरेआड झाली की संपली, हे तिने ओळखलं. आई कपडे वाळत घालायला निघाली तरी मागे, नुसती पर्स उचलली तरी भोकाड. आणि कावळा? कावळा दिसला की रडायला सुरुवात! चूक कुणाची? कावळे दाखवणाऱ्याची.

तर लेकीला कुणीतरी सांगितलं, अशा मुलांसाठी म्हणे चित्रांची पुस्तकं मिळतात. पिटाळलं मला दुकानात. तिथली बाई अगदी साखरेत घोळून विचारते, ‘‘काका, विरहाची भीती वाटणाऱ्या बाळांसाठी ना? हे न्या. जाड पुठ्ठ्याचं आहे, चावलं तरी फाटत नाही.’’ विरह! अहो, अजून नाक पुसता येत नाही तिला, कसला विरह?

पुस्तकात काय, तर बदकाचं पिल्लू. आई-बदक म्हणते, मी तळ्यापलीकडे जाऊन येते, आणि निघते. पिल्लू कासवाशी खेळतं, चिखलात लोळतं, जेवतं, झोपतं, शेवटच्या पानावर आई येते. झालं पुस्तक. वाचायला बसलो. पहिलं पान, स्वारी खूश. दुसरं उलटलं, आई-बदकाची पाठ दिसली, आणि फोडला टाहो. मिटलं. उघडलं. पुन्हा टाहो. आता तुम्हीच सांगा, रडू थांबवायला आणलेलं पुस्तक रडवायला लागलं तर माणसाने करायचं काय? मी डिंक काढला आणि आई जाते ती समोरासमोरची पानं एकमेकांना चिकटवून टाकली. दाबून, वर पाटा ठेवून.

नाही रडली. पण अडली. ‘‘आबा, आई कुठ्ठे?’’ ‘‘येईल हां.’’ ‘‘कुठ्ठे गेली?’’ काय सांगू? पुस्तकात ती जातच नाही! पहिल्या पानावर आहे, मग गुल, आणि शेवटी कुठून तरी टपकते. पोरीने कासवाच्या चित्रामागे बघितलं. पुस्तक उलटं धरून झटकलं. मग उठली आणि घरातली दारं एकेक ढकलून मागे डोकावायला लागली. पडद्यामागे... कपाटामागे... रडत नव्हती हो. गुपचूप शोधत होती. रडली असती तर परवडलं असतं.

आणि मला कळलं, ही पुस्तकातली आई शोधत नाहीये, स्वतःची शोधतेय. आम्ही रोज मागच्या दाराने हेच पान चिकटवत होतो.

संध्याकाळी लेकीला सांगितलं. आधी ती मला बोलली, ते ऐकलंतच तुम्ही. मग सुरीने पानं सोडवत बसली. आई-बदकाची मान गेली, पाठ तेवढी शाबूत राहिली. दुसऱ्या दिवशी ती पुढच्या दारात, चपला घालून, पोरीसमोर उकिडवी बसली. ‘‘मी जाते. तू झोपून उठलीस, दूध प्यायलीस, की मी येते.’’ भिंगरी रडली. कालच्या दुप्पट. लेकीचेही डोळे भरले, तरी गेली, सगळ्यांदेखत. मला वाटलं, आजचा दिवस गेला. तर हुंदके देत पोर पुस्तक घेऊन आली, ते फाटकं पान काढलं, बदकाच्या पाठीवर बोट ठेवलं. ‘‘आई जाते.’’ मग भराभरा शेवटचं पान. ‘‘आई आली.’’ पुन्हा पहिल्यापासून. माझं जेवण राहिलं, पेपर राहिला, पण दारामागे काही ती गेली नाही.

आता तुम्ही म्हणाल, सुटलात की आजोबा. कसला सुटतोय! घरात कायदा झालाय, सांगितल्याशिवाय कुणी जायचं नाही. कुठेच नाही. मी बाथरूमला निघालो तरी वाकून, तिच्या डोळ्यांत बघून सांगायचं, ‘‘आबा जातात, आबा येतील.’’ ती टाटा करते, मग मी आत. आणि बसतोय न बसतोय तोच दारावर थाप. ‘‘आबा, कधी येता?’’

या वयात ते माझ्या हातात आहे का?