बारकी वायर

(परभणी, १९९४चा उन्हाळा. निवृत्त मास्तर चंद्रभान यांच्या घरचा कॉम्प्युटर न्यायला, तो जिथून घेतला त्या दुकानातला मेकॅनिक बन्सीधर आलाय. मास्तरांची मुलगी सत्यशीला टेबलासमोर वाट अडवून उभी.)

सत्यशीला : हात लावू नका. मशीन कुठंच जायची न्हाई.

बन्सीधर : ताई, सीडी ड्राइव्ह गेलाय. सीडी फिरती, पण स्पीकरला आवाज न्हाई. दुकानात न्यावंच लागतंय. महिना जाईल.

सत्यशीला : सोमवारपासून वस्तीतल्या अकरा पोरी ह्या सीडीवर इंग्रजी शिकायला यायल्यात. महिना कुठला काढता?

चंद्रभान : नेऊ दे, शीला. खामखा तकरार नको.

सत्यशीला : बाबा, ऐका तर. गेम लावला की आवाज येतो. म्हंजी स्पीकर चांगले, साउंड कार्डही चांगलं. आता हा हेडफोन थेट ड्राइव्हला लावला. घाला कानात, भाऊ.

बन्सीधर : ...बाई बोलायली. इंग्रजीत.

सत्यशीला : साफ?

बन्सीधर : साफ.

सत्यशीला : मग ड्राइव्ह गेला कसा?

बन्सीधर : मालक म्हणले, तसं सांगितलं.

सत्यशीला : ड्राइव्हपासून कार्डापर्यंत एक बारकी वायर असते. मशीनसंगं आलेल्या पुस्तकात चित्र हाय. उघडून बघू.

बन्सीधर : उघडलं की गॅरंटी संपली. अन् तुमाला काय कळतंय त्यातलं?

चंद्रभान : ऐक त्यांचं. अठ्ठ्याहत्तरला नामांतराच्या दंगलीत आपलं घर पेटवलं, तवापासून मी कुणाच्या शब्दाला शब्द लावला न्हाई. म्हणून जगलो.

सत्यशीला : जगलात, बाबा. मला तसं जगायचं न्हाई. पेचकस द्या, भाऊ.

बन्सीधर : जिम्मेदारी तुमची.

सत्यशीला : माझीच... हे बघा. ही जागा रिकामी. वायर जोडलेलीच न्हाई.

बन्सीधर : राहिली असंल. बॅगेत हाय एक. सरका, मी लावतो.

सत्यशीला : इकडं द्या. मीच लावते... हं. आता चालू करा सीडी.

बन्सीधर : आला! आयला, लय मोठा आला. कमी करा.

सत्यशीला : राहू द्या. गल्लीला ऐकू जाऊ द्या.

बन्सीधर : बरं, कागदावर लिहितो. 'गिऱ्हाइकानं मशीन उघडली, सबब गॅरंटी...'

चंद्रभान : थांबा.

बन्सीधर : काय, मास्तर?

चंद्रभान : खोडा ते. लिहा, दुकानानं वायर जोडली नव्हती.

बन्सीधर : मालक मला ठेवायचे न्हाईत.

चंद्रभान : त्यांना माझ्याकडं पाठवा. मी बोलतो. लिहा.

बन्सीधर : ...लिहिलं. घ्या, करा सही.

चंद्रभान : माझी कशाला? दुरुस्त जिनं केलं, तिच्यापुढं धरा.