हसल्याशिवाय फोटो नाही

...नाही, नाही, त्या कॅमेऱ्याचं नावसुद्धा काढू नका माझ्यासमोर, जेवलेलं वर येतं! सोपा म्हणे! तुम्हाला सांगतो, ज्या ज्या वस्तूला लोक सोपी म्हणाले, त्या प्रत्येक वस्तूने माझं रक्त आटवलंय, पण ह्या डबड्याने तर... जाऊ दे. आता विषय काढलाच आहे तुम्ही, तर ऐका.

सुट्टीत आईला घेऊन समुद्रावर जायचं ठरलं. वाटेत मावशीचं घर. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण, गुडघे गेलेत, घराबाहेर पडत नाही. आईचंही आता तेच होत आलंय. आणि ह्या दोघी सख्ख्या बहिणींचा एकत्र असा एक फोटो नाही हो! घरात लग्न कुणाचंही असो, एक फोटोत तर दुसरी स्वयंपाकघरात. आई म्हणाली, "तेवढा एक काढ रे आमचा. पुन्हा भेट होते न होते." म्हटलं, मोबाइलवर काढतो की! तर म्हणाली, मोबाइलमध्ये गेलेला फोटो परत बाहेर येत नाही, मला भिंतीवर लावायचाय. आईने आयुष्यात माझ्याकडे मागितलं काय, तर एवढंच. म्हटलं, घेऊ कॅमेरा.

गेलो दुकानात. तिथे एक टायवाला, अंगावर अत्तराची अख्खी बाटली ओतलेली. मी आपलं सरळ सांगितलं, मला काही कळत नाही, सोपा द्या. असं दुकानात कधी बोलू नये! त्याच्या चेहऱ्यावर अशी माया पसरली... शिसारी आली मला. "काका, हा खास तुमच्यासारख्यांसाठीच आहे." तुमच्यासारख्यांसाठी! "बटणसुद्धा दाबायचं नाही. टेबलावर ठेवायचा, समोर बसायचं, सगळे चेहरे हसले की तो आपोआप फोटो काढतो. तुमच्या हातून काही बिघडू नये म्हणून मी तेवढंच चालू ठेवून बाकी सगळं लॉक केलंय. एकदम सोप्पं!" मी विचार करतोय तोवर बायको म्हणते, "हाच घ्या. तुमच्या हातून बिघडणार नाही, हे महत्त्वाचं."

निघालो. वाटेत जेवायला थांबलो, कॅमेरा टेबलावर जरा वाकडा ठेवला गेला, तर समोर भिंतीवर टूथपेस्टच्या जाहिरातीतली बाई. ती काय, हसायचेच पैसे घेते! आम्ही जेवून उठेपर्यंत हा पठ्ठ्या तिचेच फोटो काढत बसला. आणि म्हणे, सोपा आहे!

पोचलो मावशीकडे. दोघी बहिणी ठेवणीतले कपडे घालून कोचावर बसल्या. पण कशा? कुणाच्या तरी मयताला आल्यासारख्या! मी म्हटलं, हसा. मावशी जन्मभर शाळेत मुख्याध्यापिका, तिने दुसऱ्यांचं हसणं बंद केलेलं, ती काय हसणार? म्हणाली, "फोटो म्हणजे फोटो. त्यात हसायचं काय?" की आई लगेच, "ताईचं बरोबर आहे."

मग काय, मी तोंडं वेडीवाकडी केली, टायवाल्याची नक्कल केली, बायकोने गाणं म्हटलं. हसल्या हो, हसल्या! पण ह्यांच्या वडिलांनी लहानपणी दरडावलेलं, मुलींनी दात दाखवून हसायचं नाही. त्यामुळे हसू आलं की दोघींचे हात तोंडावर. हात तोंडावर, की कॅमेऱ्याला हसू दिसत नाही. हात खाली, की हसू गायब! पुन्हा हसवा, पुन्हा हात... घाम फुटला मला. शेवटी दुकानात फोन केला, तर टायवाला काय म्हणतो? "काका, सोप्पंय! दुकानात घेऊन या, एका मिनिटात लॉक काढून देतो." दुकान दिवसभराच्या वाटेवर, आणि हा म्हणतो सोप्पंय!

तिकडे निघायची वेळ झाली. सामान गाडीत गेलं. आई नुसती कॅमेऱ्याकडे बघत बसली. आणि मला इतका उबग आला, इतका उबग आला, की मी जाऊन दोघींच्या मध्ये धपकन बसलो आणि त्या कॅमेऱ्याचा, त्या दुकानाचा, त्या अत्तराचा मनसोक्त उद्धार केला. मावशी ऐकत होती. मग माझ्या पुढून वाकून आईला म्हणाली, "अगं, हा थेट आपल्या बाबांसारखा चिडतो!"

झालं! दोघी अशा हसल्या, अशा हसल्या, एकमेकींचे हात घट्ट धरून. हात गुंतलेले, तोंडं मोकळी! असलेले नसलेले सगळे दात बाहेर! मी श्वास रोखून बसलो. आता काढेल... आता काढेल... काही नाही. बायकोने मागून जाऊन पडद्यावर बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, त्या दोघी पास आहेत. मधला चेहरा नापास होतोय. हसा ना जरा!"

मी हसेपर्यंत दोघींचे हात पुन्हा तोंडावर.

आता पुन्हा जाणार आहोत मावशीकडे. आई खूश आहे, म्हणते, बरं झालं फोटो आला नाही, ह्या निमित्ताने ताई पुन्हा भेटेल. कॅमेऱ्याचं लॉकही काढून आणलंय, पण आईला आता हसराच फोटो हवाय, तिघांचा. म्हणून मी रोज दाढी करताना आरशासमोर हसायला शिकतोय. आणि ते, तुम्हाला सांगतो, अजिबात सोपं नाही.