‘अजून कळत नाही’ म्हणणारे डॉक्टर

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा माननीय मधुवंतीताई, व्यासपीठावरचे सर्व सन्माननीय पाहुणे, आमचे सत्कारमूर्ती, जनावरांचे डॉक्टर यज्ञेश्वर पुराणिक, त्यांच्या सौभाग्यवती मीनाक्षीवहिनी, आणि सकाळच्या धारा काढून, डेअरीत दूध घालून नेसरीकडून इथं कोल्हापूरपर्यंत आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मी हंबीरराव. बावीस वर्षं आमच्या गावच्या दूध संस्थेचा चेअरमन होतो. माइक हातात आला की मला सोडवत नाही, ही तक्रार जुनीच आहे. आज मात्र थोडकं बोलणार आहे, कारण मला डॉक्टरांची माफी मागायची आहे, आणि ती मिळेल की नाही याची खात्री नाही.

आधी कौतुक, ते हक्काचं आहे. शहरात वाढलेला हा माणूस अडलेली म्हैस सोडवायला खांद्यापर्यंत बाही सारून शेणात बसायचा. गोठ्यात आले की आधी म्हशीच्या पाठीवर हात ठेवणार आणि मग मालकाला नमस्कार करणार. काही मालकांना याचा राग यायचा. म्हशीची कधी तक्रार आली नाही.

संस्थेत म्हशी तपासल्याची एक वही असते. तिच्यात छापील रकाने दोनच, ‘गाभण’ आणि ‘गाभण नाही’. डॉक्टर पट्टी घेऊन प्रत्येक पानावर तिसरा रकाना आखायचे आणि वर लिहायचे, ‘अजून कळत नाही’. मला सांगा, ज्याला आपण शिकलेला म्हणून बोलावतो, त्यानं चारचौघांत ‘मला कळत नाही’ म्हणायचं, याला किती छाती लागत असेल? आपल्याकडं रस्ता विचारला तरी कुणी माहीत नाही म्हणत नाही. ‘पावणं, सरळ जावा की,’ म्हणतो आणि पावण्याला ओढ्यात घालतो.

तर, आमच्या गावात तानाबाई म्हणून एक विधवा बाई. एकच म्हैस, तीही आटलेली. ती रेड्याला दाखवून महिना झाला होता. दारात व्यापाऱ्याचा टेम्पो उभा. गाभण असेल तर ठेवायची, नसेल तर आत्ताच विकायची. डॉक्टरांनी हात घालून बघितलं आणि म्हणाले, “मावशी, अजून कळत नाही. असेलही, नसेलही. महिनाभरानं नक्की सांगेन.”

मी तिथंच होतो. म्हटलं, “डॉक्टर, व्हय का न्हाय, एक काय ते सांगा की.” ते म्हणाले, “जे मला माहीत नाही ते कसं सांगू?” तानाबाईनं टेम्पो परत धाडला. महिन्यानं कळलं, म्हैस गाभण नव्हती. महिन्याची वैरण वाया गेली. तानाबाई म्हणाली, “त्यानं मला फसवलं न्हाय. कळत न्हाय म्हणाला, तवा कळतच नव्हतं.” मला काही ते पटलं नाही. या डॉक्टरांना निदान करता येत नाही, असा अर्ज वरच्या कार्यालयात गेला आणि डॉक्टरांची बदली शाहूवाडीच्या डोंगरात झाली. तीन वर्षं ते घरापासून लांब राहिले. वहिनी, तो अर्ज कुणी केला हे तुम्हाला कधी कळलं नसेल. खाली सही माझी होती.

पुढं गावानंच मागणी करून त्यांना परत आणलं. तेव्हा हार घालायला पुढं मीच होतो. निलाजरेपणाला सीमा नसते.

चार वर्षांपूर्वी माझ्या पत्नीच्या, संयोगिताच्या, मेंदूत रक्तस्राव झाला. इथंच कोल्हापुरात दवाखान्यात नऊ दिवस ती बेशुद्ध होती. येणारे म्हणायचे, “काय होत न्हाय, उठत्यात बघा.” आणि तेच लोक बाहेर जाऊन मयत न्यायच्या गाडीची बोलणी करायचे. डॉक्टर पुराणिक रोज डबा घेऊन यायचे. मी विचारलं, “डॉक्टर, वाचंल का?” ते म्हणाले, “हंबीरराव, अजून कुणालाच कळत नाही. त्यांना ऐकू येत असेल, नसेलही. तुम्ही बोलत राहा.”

सकाळ-संध्याकाळ अर्धा तास आत सोडायचे. मी बोलत राहिलो. कुठली म्हैस व्याली ते सांगितलं. घर बांधताना तिला एका शब्दानं विचारलं नव्हतं, तेही बोललो. चाळीस वर्षांत बोललो नव्हतो तेवढं त्या नऊ दिवसांत बोललो.

दहाव्या दिवशी ती गेली.

कुणी ‘नक्की वाचतील’ म्हटलं असतं आणि मी ते खरं मानलं असतं, तर मी संस्थेच्या मीटिंगला गेलो असतो. ‘संपलं’ म्हटलं असतं, तर बाहेर बाकावर रडत बसलो असतो. कळत नव्हतं, म्हणून मी तिच्याजवळ होतो. हे देणं डॉक्टरांचं आहे. त्या दिवसांत अर्जाची गोष्ट कितीदा ओठावर आली, पण धीर झाला नाही. त्यांना ती आधीच ठाऊक होती का, हेही मला ठाऊक नाही.

संयोजकांनी मला बोलू दिलं, अध्यक्षांनी घड्याळाकडं बघायचं टाळलं, दोघांचा आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहानं पोटात घालावं. त्या अर्जासाठी मात्र, डॉक्टर, वहिनी, मी तुम्हा दोघांची माफी मागतो. उत्तर आत्ता द्यायला पाहिजे असं नाही. लोक बघताहेत म्हणून तर मुळीच देऊ नका. मी वाट बघीन. फक्त मला आता बहात्तरावं चालू आहे, तेवढं ध्यानात असू द्या.