मौजे खडकवस्ती

वडिलांचं नाव रेशनकार्डातून कमी करायला मी तहसील कचेरीच्या रांगेत उभी होते. पुढे खडकवस्तीच्या दोघी म्हाताऱ्या होत्या, निवृत्त शिक्षिका एस्तेरबाई आणि त्यांची शेजारीण हमिदा. आपल्या वस्तीला गावाचा दर्जा मिळाल्याचा आदेश त्यांच्या हातात नुकताच पडला होता.

"बाई, परत वाचा."

"चौथ्यांदा वाचते, हमिदा. 'मौजे खडकवस्ती हे स्वतंत्र महसुली गाव म्हणून घोषित करण्यात येत आहे.'"

"मौजे लिवलंय?"

"स्पष्ट लिहिलंय."

"आजवर कागदावर नुसतं मुक्काम असायचं. जनू आमी चार दिवस राह्यला आल्तो."

"आता कोण म्हणेल तसं?"

"मागच्या खेपंला गावापुरत्या लोकसंख्येला दोन मानसं कमी भरली म्हनून अर्ज माघारी आला. समदे तोंड पाडून बसले, अन् आमची सून तमन्ना हसाया लागली."

"तिला कळलं होतं ना, जुळी आहेत ते."

"मला न्हाई सांगितलं! सासूच्या आधी अर्जाला कळलं."

"तुझ्या पोटात राहिलं असतं का ते?"

"न्हाई, ते खरं हाय."

खिडकीतून कारकुनानं विचारलं, "काय काम, आजी?"

"दोन नावं वाढवायचीत. नातवंडांची."

"गाव?"

"मौजे खडकवस्ती."

"असं गाव यादीत दिसत नाही."

"कसं दिसंल? आजच सकाळी झालंय. लिही!"